हिरडीआडचे हाड : दातांची क्ष-किरण चित्रे काय सांगतात, काय सांगत नाहीत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे नियमित येणारे एक निवृत्त शिक्षक, वय ७१, सुनेबरोबर दवाखान्यात आले. आम्ही सारे त्यांना गुरुजीच म्हणतो. खुर्चीवर बसताच त्यांनी खिशातून एक रिकामी औषधाची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. आत दात होता. मुळासकट अखंड, कोठेही कीड नसलेला. “काल भाकरी खाताना हातात आला. दुखलेदेखील नाही,” ते म्हणाले. मग हसून पुस्ती जोडली, “वय झाले, डॉक्टर. पिकले पान गळायचेच.”

सून हसत नव्हती. दोन वर्षांत पडलेला हा तिसरा दात होता. गुरुजींचे जेवण मऊ भातावर आणि चहात बुडविलेल्या बिस्किटांवर आले होते. त्यांचा मधुमेहही आवरत नव्हता. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ९.२ टक्के आली होती. वर्षभरात मी दोनदा गोळ्या वाढविल्या होत्या आणि पथ्य पाळत नाही म्हणून त्यांना बोललोही होतो.

येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. या गृहस्थांना मी अकरा वर्षे तपासत होतो. दर भेटीत “आ करा” म्हणून विजेरीच्या उजेडात घसा पाहत होतो. परंतु वाटेत लागणाऱ्या हिरड्यांकडे कधी नीट पाहिले नव्हते. हिरडी सुजल्याची तक्रार त्यांनी दोनदा केली होती. दोन्ही वेळा पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊन मी विषय संपविला होता. त्या दिवशी प्रथमच ओठ बाजूला सारून पाहिले. हिरड्या जांभळट लाल, दातांच्या मुळाशी पिवळ्या-तपकिरी कीटणाचा कठीण थर, आणि बोटाने ढकलताच डोलणारे आणखी दोन दात. मी त्यांना दंतवैद्यांकडे पाठविले.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. “अण्णांच्या दातांचे फोटो काढायचे म्हणतात. या वयात इतके एक्स-रे? खरेच गरज आहे का?”

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. मी दंतवैद्य नाही, एमबीबीएस झालेला सामान्य डॉक्टर आहे. परंतु त्यानंतर हा विषय मी दंतवैद्यांकडून समजून घेतला, आणि आपल्यासारख्या ज्येष्ठांना व त्यांची काळजी वाहणाऱ्यांना जे ठाऊक असावे असे वाटते, ते येथे मांडत आहे.

दात हिरडीत नव्हे, हाडात रोवलेला असतो

आरशात आपल्याला दाताचा वरचा भाग तेवढा दिसतो. त्याचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत असते आणि असंख्य बारीक तंतूंनी त्या हाडाला बांधलेले असते. हिरडी ही त्यावरची मऊ झाकण होय.

दातांवर दररोज जंतूंचा चिकट, मऊ थर साचतो. ब्रशने तो निघतो. जेथे ब्रश पोहोचत नाही तेथे लाळेतील क्षार त्यात मिसळून त्याचे कठीण कीटण बनते. मग हिरडी सुजते, लाल होते, ब्रश करताना रक्त येते. इथपर्यंतचा आजार योग्य सफाईने पूर्ण बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झाले तर दाह खाली उतरतो, हिरडी दातापासून सुटून तेथे खिसा तयार होतो आणि आतले हाड झिजू लागते. यालाच आपल्याकडे ‘पायोरिया’ म्हणतात. एकदा गेलेले हाड बहुधा परत येत नाही. उरलेले वाचविणे एवढेच हाती राहते.

ही झीज अनेक वर्षे दुखत नाही. गुरुजींचा दात न दुखता पडला, कारण पडण्यापूर्वीच त्याच्याभोवतीचे हाड जवळजवळ संपले होते. धूम्रपान करणाऱ्यांत तर हिरडीतून रक्तही कमी येते, त्यामुळे आजार झाकला जातो. आपल्या ग्रामीण भागात अनेक वृद्ध स्त्रिया आजही मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात ‘घट्ट’ राहतात हा समज चुकीचा आहे. तंबाखूने हिरड्या मागे सरतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

आणि वय? वाढत्या वयाबरोबर हा आजार अधिक आढळतो, हे खरे. परंतु निरोगी हिरड्यांतील दात केवळ वय झाले म्हणून गळत नाहीत. गळण्यामागे आजार असतो, आणि तो किती पुढे गेला हे पाहण्यासाठी हाड दिसावे लागते.

आधी सळई, मग चित्र

तथापि, हिरडीच्या आजाराची तपासणी क्ष-किरणांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका बारीक, बोथट टोकाच्या सळईने. तिला ‘प्रोब’ म्हणतात आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. दंतवैद्य ती दात व हिरडी यांच्या फटीत हलकेच सरकवून खोली मोजतात, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिलिमीटर भरते. ४ किंवा त्याहून अधिक भरली, विशेषतः सळई लावताच रक्त आले, तर तेथे आजाराचा संशय घ्यावा लागतो. याबरोबरच दात किती हलतो आणि हिरडी किती मागे सरली आहे, हेही पाहिले जाते.

या साध्या तपासणीचे महत्त्व समजून घ्यावे. क्ष-किरण चित्रात हाड दिसते. हिरडी जवळजवळ दिसतच नाही. खिसा दिसत नाही, सूज दिसत नाही, रक्त दिसत नाही. चित्र आजवर झालेले नुकसान दाखविते. तो आजार आज चालू आहे की शांत झाला आहे, हे सळईनेच कळते. शिवाय हाडातील सुमारे तीस टक्के किंवा त्याहून अधिक क्षार गेल्याखेरीज झीज चित्रात स्पष्ट उमटत नाही. म्हणून “एक्स-रे चांगला आहे” एवढ्यावरून हिरड्या निरोगी आहेत असे मानता येत नाही.

उलट बाजूही आहे. सळई खिशाची खोली सांगते, पण मूळ किती लांब आहे, त्यातील किती भाग अजून हाडात आहे, दाढेच्या दोन मुळांमधले हाड शाबूत आहे का, मुळाच्या टोकाशी पू झाला आहे का, या प्रश्नांची उत्तरे तिच्याजवळ नाहीत. त्यासाठी चित्र लागते. आपल्या रुग्णाच्या हिरड्या न मोजता थेट एक्स-रे सांगितले गेले, किंवा एकही चित्र न पाहता दात काढण्याचा अथवा शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, तर आपण नम्रपणे कारण विचारावे.

चित्रांचे चार प्रकार

*लहान चित्र.* दंतवैद्यांच्या चिठ्ठीवर याला ‘आयओपीए’ लिहिलेले असते. तोंडात छोटी फिल्म अथवा संवेदक ठेवून दोन-तीन दात मुळाच्या टोकापर्यंत टिपले जातात. आता बहुतेक ठिकाणी फिल्मऐवजी संगणकाला जोडलेला संवेदक वापरतात. ही पद्धत १९८७ साली फ्रान्समधून ‘आरव्हीजी’ या नावाने आली, आणि आपल्याकडे आजही “आरव्हीजी काढू या” असेच म्हणतात. किरण कमी लागतात आणि चित्र काही सेकंदांत पडद्यावर उमटते. एका विशिष्ट दाताभोवतीचे हाड बारकाईने पाहायचे असेल तर हे चित्र उत्तम.

*चावून धरायचे चित्र.* याला ‘बाइटविंग’ म्हणतात. अमेरिकेतील दंतवैद्य हॉवर्ड रेपर यांनी १९२५ साली ही पद्धत मांडली. फिल्मला जोडलेली पट्टी रुग्ण दातांत धरतो आणि वरच्या व खालच्या दाढांचे माथे व त्यांमधली हाडाची कड एकाच चित्रात येते. किरण जवळजवळ काटकोनात पडत असल्याने हाडाची पातळी खरी दिसते. झीज फार असेल तर फिल्म उभी धरली जाते, म्हणजे खाली गेलेली कडही चौकटीत सापडते. मुळाचे टोक मात्र यात दिसत नाही.

*संपूर्ण जबड्याचे चित्र.* हे आपल्या परिचयाचे ‘ओपीजी’. यंत्र डोक्याभोवती अर्धवर्तुळात फिरते आणि दोन्ही जबडे एका लांबट चित्रात उतरतात. फिनलंडचे यर्यो पातेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ही पद्धत विकसित केली. तोंडात काही ठेवावे लागत नाही. म्हणून ज्यांना उमासा येतो, तोंड फार उघडत नाही, त्यांना हे सोयीचे. अनेक दात पडलेल्या, कवळी बसविण्याचा विचार करणाऱ्या वृद्धांत एकंदर स्थिती यातून झटकन कळते. बारकावे मात्र लहान चित्राइतके स्पष्ट येत नाहीत. पाठीला बाक आलेल्या व्यक्तीत मणक्याची सावली पुढच्या दातांवर पडून तो भाग धूसर होतो. अशा वेळी तेवढ्या दातांची लहान चित्रे पुन्हा काढावी लागली, तर त्यात दंतवैद्यांची चूक आहे असे समजू नये.

*त्रिमितीय चित्र.* याला ‘सीबीसीटी’ म्हणतात आणि दंतोपचारात ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. वरील तिन्ही चित्रांत एक मोठी मर्यादा आहे. गालाकडचे आणि जिभेकडचे हाड दाताच्या मुळाच्या सावलीत लपते. दिसते ते केवळ दोन दातांमधले हाड. सीबीसीटी ही उणीव भरून काढते. परंतु त्यात किरण अधिक, खर्च अधिक, आणि धातूच्या टोप्या असतील तर चित्रात चमकदार रेघा येतात. हिरडीच्या आजारासाठी हे चित्र सरसकट लागत नाही. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया अथवा इम्प्लांट योजायचे असेल, साध्या चित्रांनी प्रश्न सुटत नसेल, तेव्हाच ते मागवावे असा संकेत आहे.

पडद्यावर काय पाहावे?

आपल्या दंतवैद्यांना चित्र दाखवून समजावण्याची विनंती जरूर करा. पाच मिनिटांत पुष्कळ उलगडते.

चित्रात कठीण वस्तू पांढऱ्या व मऊ वस्तू काळ्या दिसतात. दाताची मान, म्हणजे माथा संपून मूळ सुरू होते ती जागा, प्रथम शोधा. निरोगी तोंडात हाडाची कड तिच्यापासून साधारण १ ते २ मिलिमीटरवर असते. ही कड जेवढी खाली गेली, तेवढे हाड गेले. वरच्या जबड्यात अर्थातच हे उलट, वरच्या दिशेने मोजावे.

कड सगळीकडे सारखी खाली गेली असेल तर त्यास आडवी झीज म्हणतात. एखाद्याच दाताच्या कडेने हाडात खोल घळ पडली असेल तर ती उभी झीज. हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्याकडे पुढे येतो. दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात काळसर त्रिकोण दिसला तर तेथले हाड गेले आहे असे समजावे. अशा जागेची सफाई कठीण असते. दाताच्या मानेशी काट्यासारखा पांढरा टोकदार उंचवटा दिसला तर ते साचलेले कीटण.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार हिरडीच्या या आजाराचे चार टप्पे मानतात. मुळाच्या लांबीच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी हाड गेले असेल तर पहिला टप्पा, १५ ते ३३ टक्के असेल तर दुसरा, त्याहून अधिक असेल तर तिसरा किंवा चौथा. यासोबत आजाराचा वेगही पाहतात. सर्वांत वाईट दाताभोवतीच्या झीजेची टक्केवारी घेऊन तिला रुग्णाच्या वयाने भागतात. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आले तर वेग मंद, ०.२५ ते १ मध्यम, १ च्या वर जलद. ४० टक्के झीज ७५ वर्षांच्या आजींत आढळली तर उत्तर ०.५३, तीच झीज ३५ वर्षांच्या नातवात आढळली तर १.१४. दोघांची चित्रे सारखी दिसली तरी नातवाचा आजार अधिक वेगाचा ठरतो. ज्यांच्या घरात आजी-आजोबांचे दात लवकर गेले, त्या घरातील तरुणांनीही म्हणून एकदा हिरड्या तपासून घ्याव्यात.

गुरुजींच्या चित्रात सर्वांत वाईट दाढेचे निम्मे हाड गेलेले होते. ५० भागिले ७१, म्हणजे ०.७०; वेग मध्यम. परंतु या वर्गीकरणात एक जोड नियम आहे. मधुमेह असून एचबीए१सी ७ किंवा त्याहून अधिक असेल, अथवा दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेटी ओढल्या जात असतील, तर आजार जलद गटात धरावा. म्हणजे गुरुजींचा आजार ठरविण्यात जबड्याच्या चित्राइतकाच माझ्या फाइलमधल्या रक्ताच्या अहवालाचा वाटा होता. आणि तो अहवाल मी दंतवैद्यांना कधी पाठविला नव्हता.

किरणांची भीती किती बाळगावी?

सुनेच्या शंकेला आधार नव्हता असे नाही. व्युर्त्सबुर्ग येथे रोंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना तब्बल २५ मिनिटे किरणांपुढे बसावे लागले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे या विद्येचे अग्रदूत. रुग्णांच्या तोंडातील फिल्म ते वर्षानुवर्षे स्वतःच्या बोटांनी धरीत राहिले. त्या किरणांनी त्यांच्या हाताला कर्करोग झाला, बोटे गेली, मग हात गेला. १९२८ साली त्यांचा मृत्यू झाला. भीती अशा अनुभवांतून आलेली आहे.

आज २५ मिनिटांचे काम सेकंदाच्या काही अंशात होते. आकडे पाहा. माती, खडक, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. त्याची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साधारण ६ ते ७ मायक्रोसिव्हर्ट आहे. दाताच्या एका लहान चित्राला काही थोडे मायक्रोसिव्हर्ट लागतात. ढोबळ मानाने दिवसभराच्या नैसर्गिक मात्रेएवढे किंवा त्याहून कमी. ओपीजीला साधारण ३ ते २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे जास्तीत जास्त चारेक दिवसांची मात्रा. सर्व दातांची मिळून चौदा ते अठरा लहान चित्रे काढली, तर यंत्र व पद्धत यांनुसार काही दिवसांपासून तीन-चार आठवड्यांपर्यंतची. सीबीसीटीत मात्र ती काही दहांपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाते. म्हणूनच ते गरजेपुरते.

“मग डॉक्टर स्वतः बाहेर का जातात?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. आपले चित्र वर्षा-दोन वर्षांत एकदा निघते. त्यांना रोज अनेक काढायची असतात. केल्स यांच्या हातापासून शिकलेला तो धडा आहे.

आपल्या देशात क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते आणि यंत्र वापरण्यास त्यांची परवानगी लागते. शिशाच्या ॲप्रनबद्दल अनेक जण आग्रही असतात. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले की, आधुनिक यंत्रे व किरणांचा झोत नेमका ठेवण्याची पद्धत यांमुळे रुग्णाला असा ॲप्रन नेमाने देण्याची गरज उरलेली नाही. आपल्याकडे तो देण्याची रीत आहे. दिला तर जरूर घ्यावा.

वृद्धांच्या बाबतीत तोलून पाहिले तर पारडे स्पष्ट आहे. गरजेच्या चित्राने होणारा धोका अत्यल्प, आणि ते न काढल्याने वाचविता येण्याजोगा दात गमावण्याची शक्यता खरी. मात्र “दर वर्षी सगळे एक्स-रे” असाही नियम नाही. तपासणीनंतर, कारण असेल तेव्हा आणि कारण असेल तेवढीच चित्रे काढावीत.

चित्रावरून उपचार कसे ठरतात?

पायोरियाचा पाया म्हणजे सफाई. हिरडीच्या वरचे व खालचे कीटण काढून मुळांचा पृष्ठभाग स्वच्छ केला जातो. “दात साफ केले की ते हलायला लागतात” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. चित्र पाहिल्यावर त्यातील गैरसमज दूर होतो. हाड आधीच गेलेले असते. दातांमध्ये जमलेले कीटण त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवते. ते काढले की आधीचाच सैलपणा जाणवतो. भिंत पोखरलेली असताना केवळ गिलाव्यावर भरवसा ठेवण्यासारखे ते आहे.

सफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सळईने मोजमाप होते. बरेच खिसे तेवढ्यानेच उथळ होतात. जे खोल राहतात तेथे हिरडी उघडून आतून सफाई करावी लागते. उभ्या झीजेच्या घळीला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शिल्लक असतील तर तेथे हाडाची भुकटी भरून काही हाड परत मिळविता येते. आडव्या झीजेत ती शक्यता फारशी नसते. म्हणूनच शेजाऱ्याच्या दाताला जे केले ते आपल्या दाताला का करत नाहीत, याचे उत्तर चित्रात सापडते.

हाडातील बदल सावकाश होतात. उपचारानंतर लगेच पुन्हा चित्र काढून काही कळत नाही. साधारण सहा महिने ते वर्ष जावे लागते. तुलना करायची तर दोन्ही चित्रे एकाच कोनातून घेतलेली हवीत. कोन बदलला की हाड वाढल्याचा किंवा घटल्याचा नुसता भास होतो.

मधुमेही वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा दाह साखर आवरू देत नाही. पायोरियावर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. औषधे आणि पथ्य यांची जागा ते घेत नाही, पण त्यांना हातभार लावते.

सोबत जाणाऱ्यांसाठी

- जुनी चित्रे टाकून देऊ नका. दहा वर्षांपूर्वीचा ओपीजी आजच्या शेजारी ठेवला की झीजेचा खरा वेग कळतो. डिजिटल चित्रे मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या.
- सर्व औषधांची यादी न्या. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन व निफेडिपिन या गोळ्यांनी आणि फिट्सच्या फेनिटोइनने काहींच्या हिरड्या फुगतात. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.
- रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर सांगा. तीही परस्पर थांबवू नका. हृदयविकारतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी मिळून ठरवावे.
- हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड अथवा डेनोसुमॅब घेतले असेल तर दात काढण्यापूर्वी आवर्जून सांगा. अशा रुग्णांत क्वचित जबड्याची जखम भरून येत नाही.
- हृदयात कृत्रिम झडप असेल तर सफाईपूर्वीही प्रतिजैविक लागते. हे दंतवैद्यांना आधीच कळवा.
- ओपीजीसाठी कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, कानातले आणि गळ्यातील धातूचे दागिने काढावे लागतात. मंगळसूत्र किंवा कुड्या काढताना वृद्ध स्त्रियांना अवघडल्यासारखे होते. घरीच शांतपणे समजावून सांगितले तर बरे.
- यंत्र फिरते ते दहा-पंधरा सेकंद मान स्थिर ठेवावी लागते. कंपवात असलेल्यांना ते कठीण जाते. लहान चित्रे त्यांना सोयीची. उभे राहता येत नसेल तर बसून चित्र काढता येईल का, हे वेळ घेतानाच विचारा.
- लहान चित्र काढताना उमासा आला तर नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगा.
- अंथरुणाला खिळलेल्यांचे चित्र काढणे जमले नाही तरी हताश होऊ नका. आठवड्यातून एकदा उजेडात ओठ बाजूला करून हिरड्या पाहा. रक्त, पू, दुर्गंधी, हलणारा दात, जेवण टाळणे यांपैकी काही आढळले तर दंतवैद्यांना घरी येण्याची विनंती करा.

गुरुजींचे पुढे काय झाले?

गुरुजींचे दोन दात काढावे लागले. बाकीच्यांची चार बैठकांत सफाई झाली, एका दाढेला छोटी शस्त्रक्रिया झाली. सून रोज रात्री दातांच्या फटींत फिरवायचा बारीक ब्रश त्यांच्या हातात देऊ लागली. चार महिन्यांनी एचबीए१सी ८.३ टक्के आली. त्याचे सारे श्रेय हिरड्यांना देता येणार नाही. नीट चावता येऊ लागल्याने बिस्किटे सुटली आणि भाकरी-भाजी परतली, हेही त्यात आले.

वर्षाने दंतवैद्यांनी त्याच कोनातून पुन्हा चित्रे काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून मला दाखविली. हाड वाढलेले नव्हते. शस्त्रक्रिया केलेल्या दाढेपाशी थोडा भराव दिसत होता, एवढेच. बाकी ठिकाणी कड होती तेथेच होती. मी काहीसा निराश झालो. दंतवैद्य म्हणाले, “एका वर्षात तसूभरही खाली गेली नाही. आपल्याला हेच हवे होते.”

आता गुरुजी दर तीन महिन्यांनी सफाईसाठी जातात. उरलेले दात अजून टिकून आहेत. आणि माझ्या दवाखान्यात साठीपुढच्या प्रत्येकाला, मधुमेह असलेल्या प्रत्येकाला, मी घसा पाहण्याआधी ओठ बाजूला करायला सांगतो. आपले डॉक्टर हे विसरले तर आपण त्यांना आठवण करून द्यावी. मला कोणी तशी दिली असती, तर गुरुजींचे आणखी दोन-तीन दात कदाचित वाचले असते.